सुखदेवराव, तुमचे बोल्ट सैल नव्हते

‘आरेखन कक्षाच्या छपराची वार्षिक देखभाल, संबंधित सेवानिवृत्त कर्मचाऱ्याच्या आजारपणामुळे, चालू वर्षी समाधानकारकपणे होऊ शकली नाही. परिणामी पत्र्यांचे बोल्ट सैल राहिले व वादळात ते निघून छप्पर उडाले. सबब, उर्वरित तीन कक्षांच्या पत्र्यांचे बोल्ट तातडीने आवळून ते कक्ष वापरात आणावेत.’

सुखदेवराव, आपल्या महाविद्यालयाच्या चौकशी समितीच्या अहवालातला हा सातवा परिच्छेद. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले आणि अहवाल आठवड्यापूर्वी हाती आला. समितीत तीन जण होते. त्यांपैकी दोघे माझे विद्यार्थी. त्यांना मी स्थापत्य अभियांत्रिकीत उत्तीर्ण केले होते, याचा आज प्रथमच खेद वाटतो. तुमचे नाव त्यांनी कुठेही घातलेले नाही. एकतीस वर्षे ज्या माणसाने या आवारातला प्रत्येक पत्रा हाताने ओळखला, तो त्यांच्या लेखी ‘संबंधित सेवानिवृत्त कर्मचारी’. नाव न घालण्याला ते सभ्यता म्हणतात. संबंधित कोण, हे फाटकावरच्या चौकीदारापासून कँटीनवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असताना नाव गाळायचे, याचा अर्थ उत्तर देण्याची सोय तेवढी काढून घ्यायची.

या परिच्छेदात तीन वाक्ये आहेत. पहिले खोटे आहे. दुसरे खोटे आहे. तिसरे धोक्याचे आहे, कारण ते शहाणपणाचे वाटते. त्या तीन कक्षांत या महिन्याच्या अखेरीस वर्ग भरायचे आहेत आणि प्रत्येकात साठ मुले बसतात. मी हे तुमच्या आठवणीसाठी लिहीत आहे हे खरे. पण त्याहून अधिक त्या तिसऱ्या वाक्यासाठी लिहीत आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, “जाऊ द्या न जी सर, काहून डोकं तापवता?” तुम्ही नाही, म्हणून मला अडवणारेही कोणी नाही.

आधी शोकसभेचा हिशेब मिटवतो. प्राचार्यांनी तुमच्या तसबिरीला हार घातला आणि म्हणाले, सुखदेवराव हे अत्यंत अबोल, आज्ञाधारक, सांगितलेले काम निमूटपणे करणारे कर्मचारी होते. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. उभा राहणारच होतो, पण शेजारी तुमची प्रज्ञा होती. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. पाटबंधारे खात्यात अभियंता असलेल्या तुमच्या या मुलीने तुमच्याकडून एवढी एकच गोष्ट घेतलेली नाही, ती म्हणजे भर सभेत वाद घालणे.

अबोल! सुखदेवराव, एकतीस वर्षांत माझे एकही म्हणणे तुम्ही पहिल्या फटक्यात मान्य केले नाही. प्रयोगशाळेच्या पन्हाळीपासून कुंपणाच्या पायापर्यंत प्रत्येक कामात तुमची एक हरकत ठरलेली असे आणि ती तुम्ही डावा हात कमरेवर ठेवूनच मांडत असा. तुम्ही आज्ञाधारक असता, तर आपली ओळख चहाच्या पेल्याइतकीही टिकली नसती. तुमच्याशी भांडण्यासाठी मला वाचावे लागे. निवृत्तीनंतर माझी बुद्धी जी काही शाबूत राहिली, ती तुमच्या हरकतींवर राहिली.

आपले पहिले भांडण तुम्हाला आठवत असेल, मला तर फळ्यासकट आठवते. मी वाऱ्याचा भार शिकवीत होतो. फळ्यावर उतरत्या छपराचे चित्र काढून त्यावर पश्चिमेकडून दाबणारे बाण दाखवले होते. तुम्ही नोकरीत नवे. वर्गाच्या मागच्या खिडकीत शिडीवर चढून फुटलेली काच बदलत होता. तिथूनच म्हणालात, “सर, बाण उलटे पायजे.”

साठ मुले हसली. मी त्रेचाळीस वर्षांचा, नुकताच डॉक्टर झालेला. मी विचारले, का? तुम्ही काचेच्या कडेची पुट्टी अंगठ्याने दाबता दाबता सांगितले की, या नोकरीआधी तुम्ही बुटीबोरीत कारखान्यांच्या शेडवर पत्रे ठोकत होता आणि तिथे एक अख्खे छप्पर जाताना पाहिले आहे. “दाबल्या गेलं असतं त खाली पडलं असतं न जी. थे वर गेलं. चादर झटकल्यावानी गेलं.”

मी तुम्हाला काचेकडे लक्ष द्यायला सांगितले. मग धरमपेठेत घरी येऊन पुस्तक उघडले. ते मला ठाऊक नव्हते असे नाही, हे मी आजही ठासून सांगतो. छप्पर जितके कमी तिरपे, तितका वारा त्याला दाबण्याऐवजी उपसतो. कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त. हे माझ्याच पुस्तकात होते, पण ज्या कोष्टकात होते ते परीक्षेला येत नसल्यामुळे मी दरवर्षी ओलांडून जात असे आणि फळ्यावर सवयीने उभ्या उताराचे जुने चित्र काढीत असे. दुसऱ्या दिवशी मी बाण पुसून उलटे काढले. कोणामुळे काढले, ते वर्गाला सांगितले नाही. त्या वर्गातले काही जण आता मोठ्या इमारती बांधतात आणि हे वाचतील. त्यांनी आपल्या वहीत दुरुस्ती करावी. ते बाण शिडीवरच्या माणसाने वळवले होते.

त्यानंतर तुमची ती फेरी सुरू झाली. धुळवड झाली की दुसऱ्या दिवशी अंगावरचा रंग पुरता गेलेला नसताना तुम्ही खांद्याला पिशवी अडकवून छपरावर चढत असा. पिशवीत पाना, रबरी वायसर आणि कांदा-भाकर. वादळी वाऱ्याचे दिवस सुरू होण्याआधी प्रत्येक बोल्ट हाताखालून गेला पाहिजे, असा तुमचा नेम. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना तुम्ही दुप्पट बोल्ट मारले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, कोपरा आधी जातो हे पाहिले होते म्हणून. छपरावर झुकलेल्या कडुनिंबाच्या फांद्या उतरवल्या. मुख्य इमारतीच्या गच्चीवर वर्षानुवर्षे साठलेली मोडकी बाके, रिकाम्या टाक्या, जुने फलक तुम्ही खाली आणवलेत, तेव्हा भांडारप्रमुख चिडले. ठेवायचे कुठे, म्हणाले. तुमचे उत्तर अजून कार्यालयात सांगतात: “कुठंही ठेवा जी, पण वाऱ्याले खेळणं देऊ नका.”

आणि तो अध्यक्षांचा फ्लेक्स. संस्थेच्या अध्यक्षांना कुठला तरी पुरस्कार मिळाला होता आणि त्यांचे हसरे चित्र बांबूंच्या सांगाड्यावर गच्चीच्या कठड्याला बांधले होते, दोन मजल्यांएवढे. एका दुपारी पश्चिमेला आभाळ मातकट होताना पाहून तुम्ही कोणाला न विचारता ते उतरवले. वारा आला, गेला, काही झाले नाही. तुम्हाला मात्र कारणे दाखवा नोटीस मिळाली. तुम्ही उत्तर माझ्याकडून शुद्ध करून घ्यायला आणले होते. एकच ओळ होती: साहेब रस्त्यावर पडू नयेत म्हणून उतरवले. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही. नोटीस मागे घेतली गेली. आपण दोघे मिळून जिंकलेली ती एकमेव लढाई असावी.

खिडक्यांचा वाद मात्र अपुराच राहिला. माझे म्हणणे, वादळात दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होईल. तुमचे म्हणणे, सगळे बंद करा. वारा आत शिरला की तो छपराला खालून खांदा देतो आणि वरचा वारा ओढतो, मग छप्पर कोणाचे ऐकणार? त्या चारही कक्षांच्या पश्चिमेच्या मोठ्या शटरपुरते तुमचे खरे होते, ते मी मान्य केले आणि तुम्ही प्रत्येक शटरला आतून लोखंडी आडणा बसवलात. खिडक्यांपुरते मी अजून मान्य करीत नाही. पुढच्या जन्मावर तुमचा विश्वास नव्हता. माझा आहे की नाही, हे मी या वयातही ठरवलेले नाही. त्यामुळे हा वाद आपण कुठे संपवणार, ते कळत नाही.

आता जे सांगायचे ते सांगतो. वादळापर्यंत ते तुम्हाला आणि मला, दोघांनाच ठाऊक होते.

ते चार कक्ष अठरा वर्षांपूर्वी एकाच नकाशावर बांधले गेले. नकाशा माझा. लोखंडी कैच्यांचे त्रिकोणी सांगाडे, कैच्यांवर आडवे अँगल, अँगलवर पत्रे. अँगल जिथे कैचीला टेकतो तिथे मी लोखंडी पकड दाखवली होती, प्रत्येक ठिकाणी दोन बोल्टांची. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. कंत्राटदार म्हणाला, भोके पाडून पकडी बसवायला पंधरा दिवस लागतील. अँगल कैचीला वेल्डिंगने टाचले तर चार दिवसांत पत्रे चढतील. मी नकाशाच्या कोपऱ्यात लिहिले, ‘वेल्डिंग चालेल’, आणि खाली सही केली.

तुम्ही तो नकाशा गुंडाळून काखेत घेऊन माझ्या खोलीत आलात. बसलातही नाही. म्हणालात, “सर, हा कच्चा टाका आहे. वरून गाडीभर वजन ठेवा, काही नाही होणार. खालून उचललं त उसवन.”

मी म्हणालो, छपराला स्वतःचे वजन आहे, ते बसून राहील.

“वजन वाऱ्याले नका सांगू सर. त्यानं लय वजनं पाह्यली.”

मग मी जे बोललो ते आज शब्दशः लिहितो, कारण दुसरे कोणी लिहिणार नाही. मी म्हणालो की बुटीबोरीची शेड आणि महाविद्यालय यांत फरक असतो, आणि पत्रे ठोकणारा आणि नकाशा काढणारा यांतही असतो. तुम्ही नकाशा पुन्हा गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि गेलात. आठ दिवस तुम्ही मला नमस्कार केला नाही. नवव्या दिवशी केलात, तोही नेहमीसारखा. मला वाटले, प्रकरण मिटले. माझ्यासारख्या माणसाला समोरचा गप्प झाला की आपण जिंकलो असे वाटते.

या वर्षीची फेरी समितीच्या मते झालीच नाही. सुखदेवराव, मी तिथे होतो. निवृत्त होऊन तुम्हाला दोन वर्षे झालेली, दम लागत होता, डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने तुम्हाला गाडीवर बसवून आणले, तेव्हा तिचा चेहरा रडवेला होता आणि तुमचा प्रसन्न. तीन दिवस लागले. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून मी तीन दिवस बसलो होतो. दर अर्ध्या तासाने खाली उतरा म्हणून ओरडत होतो आणि तुम्ही वरून सांगत होता की खाली बसून नियम सांगणे सोपे असते. चारही छपरे झाली. एकही बोल्ट राहिला नाही. समितीने मला विचारले असते तर मी तारखांसह सांगितले असते. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला विचारायचे म्हणजे त्याचे सगळे ऐकून घ्यावे लागते, एवढे माझे विद्यार्थी जाणतात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला वर बोलावले. मी शिडीने पागोळीपर्यंत चढलो. तुम्ही एक पत्रा सरकवून आत बोट दाखवले. अठरा पावसाळ्यांत टाके गंजले होते; दोन तडकलेले मला चष्म्याविना दिसले. तुम्ही जुने भांडण काढले नाही. एवढेच म्हणालात की, अजून वेळ आहे, पंधरा दिवसांचे काम आहे, पकडी बसवू. नवे काही नाही, तुमच्याच नकाशात आहे तेच.

मी म्हणालो, प्राचार्यांशी बोलतो.

आणि मी गेलोही. त्यांच्या खोलीत बसलो, चहा प्यालो, कुंपणाच्या भिंतीविषयी बोललो आणि परत आलो. पकडींचा विषय काढायचा तर नकाशा उघडावा लागला असता, आणि नकाशा उघडला की कोपऱ्यातला तो शब्द दिसला असता. तुम्ही दोनदा विचारले, सर, बोलले काय? मी दोन्ही वेळा सांगितले, विषय चालू आहे. विषय चालू नव्हता. माझा अहंकार चालू होता.

मग वैशाखात ते वावधन आले. वर्तमानपत्राने लिहिले की असे वादळ नागपुराने पाहिले नव्हते आणि निसर्गापुढे माणूस हतबल असतो. हेही खोटे. दर वैशाखात असे एक-दोनदा होते. दुपारभर रखरख, मग पश्चिमेला धुळीची भिंत, आणि घरोघर वाळवणे उचलण्याची धावपळ. जे दरवर्षी येते त्याला अभूतपूर्व म्हणणे ही ज्यांनी तयारी केली नाही त्यांची सोय आहे. त्याच वादळात आवारातल्या ज्या छपरांचे अँगल बोल्टांनी जखडलेले होते, त्यांचा एक पत्राही हलला नाही.

तुम्ही तेव्हा दवाखान्यात होता. खिडकीतून आभाळ पाहून तुम्ही नाकाची नळी बाजूला करून मला फोन केलात, आरेखन कक्षाचे शटर लावले का पाहा म्हणून. मी कार्यालयात फोन लावला. वाजत राहिला. तिथला पेपर संपून अर्धा तास झाला होता, शिपाई उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन गेला होता, आडणा भिंतीला टेकून उभा होता आणि शटर सताड उघडे; बाकी तिन्ही कक्षांची शटरे बंद होती. वारा आत शिरला, त्याने खांदा दिला, टाके उसवले. साठ मुले वाचली ती त्या अर्ध्या तासामुळे. माझ्या नकाशाने त्यांना वाचवले नाही आणि समितीच्या शिफारशीने पुढच्यांना वाचवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आलो. तुम्ही पहिले विचारलेत, आत कोणी होते काय? मी नाही म्हणताच तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी कबुली द्यायला आलो होतो. वाक्य रस्त्यात रचून ठेवले होते. परिचारिका आली, सलाईन बदलले, तुम्ही उन्हाबद्दल विचारलेत, मी उन्हाबद्दल सांगितले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. ते रचलेले वाक्य अजून माझ्याकडे तसेच आहे.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो तो तुम्ही गेल्यावर. एकतीस वर्षांत कधी आलो नव्हतो, आणि का आलो नव्हतो याचे मला अभिमानास्पद वाटेल असे एकही उत्तर नाही. सीताबर्डीहून ऑटो केली. चालकाने गल्लीच्या तोंडाशीच विचारले, छपरावाल्या सुखदेवभाऊंकडे काय? बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तुमचा पाना पुसून ठेवलेला होता. तुमच्या पत्नींनी पाणी दिले आणि म्हणाल्या, “तुमचं नाव रोज ऐकत होतो जी आम्ही. जेवताना रोजचं भांडण सांगत होते.” त्या हसल्या, आणि मग तोंडाला पदर लावून आत गेल्या.

प्रज्ञाने तेव्हा सांगितले. वादळाच्या दुसऱ्या दिवशी, मी येण्याआधी, समितीचे दोघे दवाखान्यात येऊन गेले होते. त्यांनी विचारले, या वर्षी काम पूर्ण झाले होते का? तुम्ही म्हणालात, “आजारी होतो.” एवढेच. त्या दोन शब्दांवर त्यांनी सातवा परिच्छेद उभा केला. ते गेल्यावर प्रज्ञा तुमच्यावर रागावली. टाक्यांचे का नाही सांगितले, म्हणाली. त्यावर तुम्ही दिलेले उत्तर तिने मला जसेच्या तसे सांगितले.

“सरचा कागद आहे. सरच दाखवतीन.”

सुखदेवराव, प्राचार्य म्हणाले ते निमूटपणाचे काम तुम्ही आयुष्यात एकदाच केले, आणि ते माझ्यासाठी केले. मी त्याबद्दल तुमचे आभार मानणार नाही. आभार मानून मोकळे होण्याइतकी ही गोष्ट लहान नाही. शिवाय मला तुमचा रागही येतो: तुम्ही मला वाचवले नाही, माझ्यावर विश्वास टाकलात, आणि तो फेडणे शिव्या खाण्यापेक्षा फार कठीण आहे.

अहवाल आला तेव्हा प्रज्ञा तो घेऊन माझ्याकडे आली. आरडाओरड नाही, काही नाही. तिने सातवा परिच्छेद माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, “काका, आईले हे वाचून दाखवायचं काय, थे तुम्हीच सांगा.”

मी त्याच दुपारी कपाटातून मूळ नकाशा काढला आणि प्राचार्यांच्या टेबलावर पसरला. त्यांना कोपरा दाखवला, सही दाखवली, तडकलेल्या टाक्यांचे सांगितले, शटरचे सांगितले, कुंपणाच्या भिंतीच्या चहाचेही सांगितले. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी नकाशा स्वतःच्या हाताने गुंडाळला, दोरा बांधला आणि मला परत दिला. म्हणाले, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडणार आहे सर, आणि तुमचे इतक्या वर्षांचे नाव कशाला मध्ये आणता? मी म्हणालो, गेलेल्या माणसाला पडत नसेल, पण त्याच्या घरी एक बाई या अहवालाची वाट पाहत आहे. आणि बोल्ट आवळून तुम्ही जे तीन कक्ष उघडणार आहात, त्यांचे बोल्ट आधीच घट्ट आहेत. छप्पर तिथून जाणार नाही. त्याच्या खालून जाईल.

मग मी जे केले ते तुम्हाला कळवतो, कारण कामाचा तपशील तुम्ही मागितला असता. नकाशाच्या प्रती नियामक मंडळाच्या प्रत्येक सदस्याला माझ्या कबुलीच्या पत्रासह पाठवल्या. मागणी एवढी: प्रत्येक कैचीवर दोन बोल्टांच्या पकडी बसेपर्यंत तिन्ही कक्षांना कुलूप, पश्चिमेच्या शटरचा आडणा लावण्याचा अधिकार आणि जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे, आभाळ मातकट होताच त्याने कोणाची परवानगी मागू नये, आणि धुळवडीनंतरची फेरी कायम. प्रज्ञाने सगळे गणित नव्याने केले. बाण वरच्या दिशेने. तिने माझी एक चूक काढली, मी तासभर वाद घातला, ती बरोबर होती. रोज सकाळी दहा वाजता मी त्या कक्षांच्या दारात खुर्ची टाकून बसतो. कुलूप उघडायचे असेल त्याने आधी मला खुर्चीसकट उचलावे. चौकीदार पाणी आणून देतो आणि उचलत नाही.

मंडळात आता माझ्याविषयी एक नवा पाठ तयार झाला आहे, तोही मोडून काढणे भाग आहे. ते म्हणतात, म्हातारा हळवा झाला. मित्र गेला म्हणून भावनेच्या भरात त्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेत आहे. नकाशावर शब्द असेल, पण छप्पर त्याच शब्दामुळे गेले कशावरून? बोल्ट सैल नव्हते कशावरून? प्रश्न योग्य आहे. मी विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारायला शिकवले होते. माझ्या कबुलीवर कोणी विश्वास ठेवू नये. माझ्या पश्चात्तापावर तर मुळीच ठेवू नये.

समितीने उघड्या पडलेल्या कक्षाची छायाचित्रे सर्व बाजूंनी काढली. उडालेल्या पत्र्यांचे एकही काढले नाही. ते मैदानात जाऊन पडले होते आणि दुसऱ्याच सकाळी ट्रॅक्टरने ओढून वसतिगृहाच्या मागे पालथे टाकले गेले. काल प्रज्ञा आणि मी तिथे गेलो. तिने एक टोक धरले, मी दुसरे, आणि आम्ही त्यांना उलटे केले. खालचे अँगल पत्र्यांसोबतच उडून आले होते; कैचीवरून सुटले तेव्हाचे उसवलेले टाके त्यांच्या अंगावर होते, आणि पत्र्यांना त्या अँगलशी जखडणाऱ्या बोल्टांपैकी एकही आपल्या जागेवरून हललेला नव्हता.